तालीम, नक्कल, नेपथ्य : नाटकातल्या शब्दांचा प्रवास

काही वर्षांपूर्वी दिल्लीत मंडी हाउसजवळच्या एका सभागृहात एका मराठी नाटकाचा प्रयोग होता. त्याचे हिंदी माहितीपत्रक करून देण्याचे काम माझ्याकडे आले. मूळ मराठी पत्रकात नेहमीची नामावली होती : लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा. 'दिग्दर्शक'चे मी 'निर्देशक' केले, 'प्रकाशयोजने'ची 'प्रकाश-परिकल्पना' केली. 'नेपथ्य' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, लिपीही एकच, म्हणून तो तसाच ठेवला. पत्रकाची मांडणी करणाऱ्या हिंदीभाषक मुलाने त्याच्या भाषेत जे बरोबर तेच केले. 'नेपथ्य'पुढचे नाव त्याने सर्वांत खाली, सामान हलवणाऱ्या आणि कपडे सांभाळणाऱ्या मंडळींच्या रांगेत नेऊन बसवले. प्रयोगानंतर ते नेपथ्यकार माझ्याकडे आले, पत्रक पुढे धरले आणि म्हणाले, “ताई, मी पडद्यामागे नव्हतो हो. माझं काम पडद्यापुढेच होतं.”

हिंदीत 'नेपथ्य' म्हणजे रंगमंचामागची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा. मराठीत 'नेपथ्य' म्हणजे रंगमंचावर उभे केलेले, प्रेक्षकांना दिसणारे दृश्य. एकच शब्द, आणि अर्थ जवळजवळ उलटे. माझ्या हातून झालेली ही चूक मी तेव्हा माफी मागून मिटवली. डोक्यातून मात्र ती गेली नाही.

यंदा ती पुन्हा समोर आली. साहित्याच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी नाटकाचे मूलभूत घटक आणि संज्ञा यांची मराठी यादी करून द्या, असे मला सांगण्यात आले. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी प्रतिशब्द, खाली दोन ओळींची व्याख्या. साधे काम. कथानक, पात्र, संवाद, संघर्ष, उत्कर्षबिंदू, स्वगत, रंगसूचना असे पंचवीसएक शब्द दोन संध्याकाळींत झाले. मग 'सेट'पाशी आले, समोर 'नेपथ्य' लिहिले आणि थांबले. या शब्दाची व्याख्या दोन ओळींत देता येते. पण तो इथवर कसा आला हे न सांगता दिली, तर तीही माझ्या त्या पत्रकासारखीच होईल, असे वाटले. हा लेख त्या थांबण्यातून झाला आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीराने करायचा तो आंगिक, वाणीने करायचा तो वाचिक, मनाच्या अवस्थेतून उमटणारा तो सात्त्विक, आणि बाहेरून आणलेल्या वस्तूंनी, वेषाने, रंगाने साधायचा तो आहार्य. या आहार्याचेच दुसरे नाव नेपथ्यविधी. त्याचे पुन्हा चार भाग आहेत. पुस्त म्हणजे डोंगर, रथ, विमाने, शस्त्रे यांच्या कृत्रिम प्रतिकृती. अलंकार म्हणजे दागिने, माळा, वस्त्रे. अंगरचना म्हणजे शरीर आणि चेहरा रंगवणे. आणि संजीव म्हणजे प्राणी रंगमंचावर आणणे. आजच्या मराठी पत्रकातले नेपथ्य, वेशभूषा आणि रंगभूषा हे तिन्ही रकाने या एका शब्दाच्या पोटात होते.

ज्या खोलीत ही सारी तयारी होई ते नेपथ्यगृह. ते रंगपीठाच्या मागे असे, मध्ये पडदा. आतून आवाज यायचा असेल तर संस्कृत नाटककार 'नेपथ्ये' अशी सूचना लिहीत. म्हणजे एका शब्दाच्या दोन बाजू होत्या : तयारी, आणि तयारीची जागा. हिंदीने जागा घेतली. मराठीने तयारी घेतली. पुढे वेष आणि रंग यांना वेगळे शब्द मिळाल्यावर 'नेपथ्य'कडे उरला तो बहुतांशी 'पुस्त'. दोघांपैकी चुकीचे कोणीच नाही. एकाच घरातल्या दोन भावांनी वाटणी करून घ्यावी तसे हे आहे. चूक माझी होती. वाटणी झालेली असताना घर एकच आहे असे मी धरून चालले होते.

एवढे कळल्यावर यादीतला प्रत्येक शब्द उलटून पाहावासा वाटू लागला. आणि लक्षात आले की मराठी नाटकाचे शब्द एका खाणीतून निघालेले नाहीत. काही संस्कृत ग्रंथांतून आले, काही इंग्रजी पुस्तकांतून भाषांतर होऊन, काही फारसी-अरबीतून दरबार आणि आखाड्यामार्गे, आणि काही गावच्या खेळांतून. कुठला शब्द कुठल्या दाराने आत आला हे पाहिले की मराठी नाटकाचा इतिहासच समोर उभा राहतो.

आरंभाचे वर्ष आपण १८४३ मानतो. तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या कितीतरी आधी मराठी नाटके लिहिली होती. शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' सतराव्या शतकाच्या अखेरीचे आहे. पण ती परंपरा कावेरीकाठीच राहिली. महाराष्ट्रात जे सुरू झाले ते सांगलीत. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करावे म्हणून विष्णुदास भावे यांना सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' झाले. तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन आहे.

या खेळात सूत्रधार होता, विदूषक होता. दोन्ही शब्द संस्कृत नाटकातले. पण माणसे तीच नव्हती. संस्कृत नाटकातला सूत्रधार नांदीनंतर येतो, नटीशी किंवा दुसऱ्या एखाद्या नटाशी चार शब्द बोलतो, नाटकाची प्रस्तावना करतो आणि निघून जातो. भाव्यांचा सूत्रधार जात नाही. तो टाळ-मृदंगाच्या साथीने सगळे आख्यान स्वतःच गातो. पात्रे येतात, हावभाव करतात, प्रसंगाला धरून उत्स्फूर्त बोलतात. खरे म्हणजे हा कानडी खेळातला भागवत होता, नाव मात्र संस्कृत घेऊन आला होता. पुढे शिकलेल्या लोकांनी या नाटकांना 'तागडथोम' म्हणून नाके मुरडली. मृदंगाच्या बोलावरून पडलेले हे नाव चेष्टेचे होते, पण त्या नाटकाचे वर्णन 'पौराणिक नाटक' या सभ्य संज्ञेपेक्षा तेच नेमके करते. शब्दात नाद आहे, आणि ते नाटक नादावरच चालत होते.

विदूषकाची गोष्ट आणखी वेगळी. विद्यार्थ्यांच्या टिपणांत त्याची व्याख्या ठरलेली असते : नायकाचा खादाड मित्र, विनोदनिर्मिती करणारे पात्र. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' लिहिले, त्यातल्या विदूषकाला ही व्याख्या लावून पाहावी. एका गरीब कुणबी जोडप्याला एक भटजी ग्रहांची भीती घालून लुबाडतो, अशी कथा. तिथला विदूषक कोणाचा मित्र नाही. तो प्रसंगाच्या मधे उभा राहून, जे चालले आहे त्याचा अर्थ उघड करून सांगतो. लबाडी कुठे आहे, अज्ञान कुठे आहे, ते त्याला दिसते आणि तो बोलतो. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. ते नाकारले गेले. छापून लोकांसमोर यायला त्याला शंभरावर वर्षे लागली, ते १९७९ साली आले. त्यामुळे मराठी नाटकाच्या संज्ञा ठरत होत्या त्या सगळ्या काळात फुल्यांचा विदूषक त्या चर्चेत नव्हताच. व्याख्या अपुरी राहिली याचे कारण विद्वत्तेची उणीव नाही. जे नाटक तिला मोडून पुन्हा घडवू शकले असते ते कपाटात होते. यादी करताना हे एक मला सर्वांत बोचले. संज्ञा ज्या नाटकांवरून ठरतात, ती नाटके कोणी निवडली, हा प्रश्न यादीत कुठेच लिहिलेला नसतो.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि इंग्रजी नाटके अभ्यासात आली. परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारखे पंडित संस्कृत नाटके मराठीत आणत होतेच. आता दोन्ही बाजूंनी नाटक 'वाचले' जाऊ लागले. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले. स्वतंत्र, गद्य, ऐतिहासिक, आणि नायकाच्या अकाली मृत्यूकडे जाणारे. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणले. या पुस्तकी वळणाच्या नाटकांना लोक 'बुकिश' म्हणत. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' यांविषयी निबंध लिहिला. त्या नावातच एक धडा आहे. त्यातले 'नाटक' टिकले. 'नावल' मात्र पुसले गेले आणि बाणभट्टाच्या नायिकेचे नाव, 'कादंबरी', हेच साहित्यप्रकाराचे नाव होऊन बसले. कुठला शब्द जगेल हे ठरवणारी समिती नसते.

याच काळात 'अंक' आणि 'प्रवेश' यांची जोडी जमली. 'अंक' जुनाच. पण संस्कृत नाटकात अंकाचे आणखी लहान तुकडे पाडलेले नसतात. सगळे पात्र निघून गेले की अंक संपतो, एवढेच. शेक्सपिअर वाचणाऱ्यांना 'सीन'साठी शब्द हवा होता, तिथे 'प्रवेश' बसला. हिंदीने त्याच जागी 'दृश्य' घेतले. फरक लहान दिसतो, पण आहे. 'दृश्य' म्हणताना आपण प्रेक्षकात बसून बघत असतो. 'प्रवेश' म्हणताना विंगेत उभे असतो, कोणीतरी आत पाऊल टाकण्याच्या बेतात आहे. हिंदी विद्यार्थ्याला 'पहिला प्रवेश' म्हटले की वाटते, कुणीतरी पहिल्यांदा आत आले. आणि एका अर्थी त्याचे बरोबरच आहे.

'ट्रॅजेडी'ला शब्द शोधताना मात्र आपण थोडे फसलो. 'शोकांतिका' हा शब्द शेवटावर बेतलेला आहे : अंती शोक. संस्कृत नाटक मंगलातच संपते, म्हणून इंग्रजी नाटक वाचणाऱ्याला सर्वांत ठळक जाणवला तो शेवटातला फरक. पण ग्रीक ट्रॅजेडीचा शेवट नेहमी शोकाचा नसतो. युरिपिडीसचे टॉरिसमधल्या इफिजेनियावरचे नाटक सुटकेत संपते, आणि ॲरिस्टॉटल त्याची वाखाणणी करतो. हे ध्यानात आल्यावर काही समीक्षकांनी 'शोकात्मिका' हा शब्द वापरायला सुरुवात केली : शोक जिचा आत्मा आहे ती. त्याच धर्तीवर 'सुखात्मिका'. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दोन्ही जोड्या चालतात, पण त्या पर्यायी शब्द नाहीत. एक शब्द शेवट बघतो, दुसरा संपूर्ण नाटक.

मूलभूत घटक म्हटले की विद्यार्थ्यांना ॲरिस्टॉटलचे सहा पाठ करायला लावतात : कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. विंदा करंदीकरांनी १९५७ साली त्याचे काव्यशास्त्र मराठीत आणले, त्यामुळे ही वाट आपल्याकडे चांगली मळलेली आहे. पण दहाव्या शतकात, माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने 'दशरूपका'त रूपकाचे प्रकार वेगळे करण्यासाठी तीनच कसोट्या दिल्या : वस्तू, नेता आणि रस. दोन याद्या शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. पहिल्या दोन जागा जुळतात : वस्तू म्हणजे कथानक, नेता म्हणजे मुख्य पात्र. नंतर वाटा फुटतात. ॲरिस्टॉटलची यादी नाटकात काय काय असते ते मोजते. धनंजयाचा तिसरा शब्द, रस, नाटकातून निघून प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. ॲरिस्टॉटल 'दृश्या'ला शेवटची जागा देतो, त्याचा कवीच्या कलेशी सर्वांत कमी संबंध आहे म्हणतो. भरत मात्र आहार्यावर अध्याय खर्च करतो. माझे ते नेपथ्यकार कोणाच्या बाजूने उभे राहिले असते हे सांगायला नको.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. किर्लोस्कर जन्मले १८४३ सालीच, सांगलीच्या त्या खेळाच्या वर्षी. त्यांनी केलेला बदल एका वाक्यात सांगता येतो : गाणे सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांच्या तोंडी दिले. सूत्रधार पुन्हा नांदी-प्रस्तावनेपुरता राहिला. 'संगीत' हा शब्द नाटकाच्या नावाआधी बिरुदासारखा लागू लागला : संगीत सौभद्र, संगीत शारदा. आणि नाटक मंडळींचे युग सुरू झाले. या मंडळींनी जे शब्द घडवले ते ना नाट्यशास्त्रात आहेत ना इंग्रजी पुस्तकात, आणि म्हणून यादीतही नसतात.

त्यातला पहिला 'तालीम'. माझे लहानपण दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये गेले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि गणेशोत्सवाच्या नाटकांत हौसेने कामे करत. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी विचारले, बाबा कुठे गेले, की मी सांगायची, तालीम आहे. त्या लखनौकडच्या. त्यांना कित्येक दिवस वाटत होते की बाबा नोकरी सांभाळून रात्रीचे शिकायला जातात. त्यांना याचे मोठे कौतुक होते. उर्दू-हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. मूळ अरबी अर्थही तोच. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि तालीम म्हणजे नाटकाचा सराव. अंगमेहनत, रोजचा रियाज आणि गुरूचा धाक या तीन गोष्टी दोन्हींकडे सारख्या, म्हणून शब्दही एक. आज ज्याला आपण दिग्दर्शक म्हणतो त्याचे काम मंडळींत तालीम मास्तर करी. गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून जेवढे मोठे, तेवढेच तालीम देणारे म्हणून नावाजलेले होते. 'दिग्दर्शक' दिशा दाखवतो. 'तालीम मास्तर' घाम काढतो. शब्द बदलला तसे कामही बदलले.

दुसरा शब्द 'नक्कल'. बाबा गेल्यावर त्यांच्या कागदांत एक पातळ वही सापडली. वर लिहिले होते : 'संशयकल्लोळ', भादव्याची नक्कल. आत त्यांच्या सुबक अक्षरात फक्त भादव्याची वाक्ये, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. छपाई महाग होती, प्रती थोड्या, म्हणून मंडळींत प्रत्येक नटाला फक्त त्याच्या वाट्याचे उतरवून दिलेले असे; ती त्याची नक्कल. हौशी मंडळींनी ती पद्धत पुढे चालू ठेवली. हिंदीत नकल म्हणजे परीक्षेतली कॉपी किंवा कोणाची उडवलेली टिंगल. मी त्या वहीबद्दल एका हिंदी मैत्रिणीला सांगितले तेव्हा तिने हसून विचारले, “तुम्हारे पिताजी नकल करते थे?”

तौलनिक साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला ती वही दुहेरी मोलाची वाटते. 'संशयकल्लोळ' देवलांचे. आधी ते 'फाल्गुनराव' म्हणून गद्यात आले, १९१६ साली संगीत झाले. त्याच्या मागे अठराव्या शतकातल्या आर्थर मर्फीचे इंग्रजी नाटक, आणि त्याच्याही मागे मोलिएरचे १६६० सालचे 'स्गानारेल'. पॅरिसहून लंडन, लंडनहून पुणे, पुण्याहून दिल्लीच्या एका मांडवात. भादव्या हा नोकर. त्याच्यात मोलिएरच्या नोकरांचा वारसा आहे, आपल्या विदूषकाचा आहे, की तमाशातल्या सोंगाड्याचा? यादीतली कुठलीच एक व्याख्या त्याला पुरत नाही. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन त्यांना असे काही घरचे करून टाकले की रूपांतर आणि स्वतंत्र नाटक या दोन संज्ञांमधली भिंतही पातळ होते.

१ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने श्रीधर विनायक वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत केले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे. एका अंकात एकच प्रवेश, घरातल्यासारखे बोलणे, मोजकी गाणी, आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया. 'स्वगत' इथून मागे सरले. ज्या रंगमंचावर भिंती आणि खिडक्या खऱ्या दिसू लागल्या, तिथे एकट्याने मोठ्याने बोलणे खोटे वाटू लागले. म्हणजे 'स्वगत' हे तंत्र आणि 'नेपथ्य' ही गोष्ट एकमेकांशी बांधलेली होती. एक बदलले तसे दुसरे हलले. यादीत ते दोन वेगळ्या पानांवर असतात.

स्वातंत्र्यानंतर शब्द ठरवण्याचे काम दिल्लीतही होऊ लागले. १९५३ साली संगीत नाटक अकादमी निघाली, १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय. १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याची धुरा इब्राहिम अल्काझींकडे होती. त्यांचा जन्म पुण्याचा. मामा वरेरकर राज्यसभेत होते आणि १९६४ साली ते दिल्लीतच वारले. शरच्चंद्रांना मराठीत आणणारा हा नाटककार-अनुवादक, माझ्यासारखीला पूर्वजच. मंडी हाउसच्या चौकात वैशालीहून येणाऱ्या मेट्रोतून उतरताना मला नेहमी वाटते, इथे हिंदी आणि मराठी नाटकाचे शब्द रोज एकमेकांना धक्के देत असतील. इकडे 'रंगमंच' म्हणजे सारी नाट्यसृष्टी. आपल्याकडे रंगमंच म्हणजे लाकडी फळ्यांची जागा, आणि नाट्यसृष्टी म्हणजे 'रंगभूमी'. इकडे 'रंगभूमि' म्हटले की प्रेमचंदांची कादंबरी आठवते. आपला 'प्रयोग' त्यांना प्रयोगशाळेतला वाटतो. आणि १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाल्यानंतर, 'मी एका संहितेवर काम करते आहे' असे म्हटले की समोरचा मला वकील समजतो.

आणि जे शब्द गेले असे वाटते ते परतही येतात. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात. त्यात सूत्रधार परत आला, आणि भाव्यांच्या सूत्रधारासारखा ठाण मांडून राहिला. पडदा कापडाचा नव्हता, माणसांचा होता. 'तागडथोम' म्हणून ज्या नाटकाला आपण हसलो, त्याच्याच रीतींनी आपल्याला आपले सर्वांत आधुनिक नाटक दिले. वसंत देवांच्या अनुवादाने ते हिंदीतही गेले.

यादीचा पहिला खर्डा मी ऑनलाइन तासाला विद्यार्थ्यांपुढे ठेवला. सिंधुदुर्गातली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “मॅडम, यात आडदशावतार नाही.” तिच्या गावी दशावतारात आधी आडदशावतार होतो, गणपती येतो, संकासुर येतो, मग आख्यान. तिला 'पूर्वरंग' शिकवताना कोणी सांगितले नव्हते की ती लहानपणापासून जे पाहत आली आहे ते हेच आहे. दुसऱ्याने विचारले, गण-गवळण, बतावणी, वग हे शब्द परीक्षेत लिहिले तर चालतात का? मी काही क्षण बोलू शकले नाही. नमनालाच घडाभर तेल, ही आपली रोजची म्हण रात्रभर चालणाऱ्या खेळांच्या दिव्यांतून आली. आणि त्या खेळांचे शब्द परीक्षेला चालतात का, हे या मुलाला विचारावे लागत होते.

यादी मी परत केली, पण ठरल्या स्वरूपात नाही. इंग्रजी रकाना उजवीकडे नेला. प्रत्येक शब्दापुढे तो कुठून आला हे एका ओळीत लिहिले, आणि शेजारच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा असेल तर तेही. आडदशावतार, बतावणी, तालीम, नक्कल, विंग हे शब्द आत घेतले. विदूषकाखाली 'तृतीय रत्न'चे नाव लिहिले. चाळीसच्या जागी साठ शब्द झाले. काम देणाऱ्यांनी यातले किती ठेवायचे ते ते ठरवतील.

बाबांची वही माझ्या टेबलावर आहे. ती वाचताना भादव्या काय बोलतो ते कळते. पण तो कोणाला उत्तर देतो आहे, ते समोरच्याच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवरून ताडावे लागते. नटाला एवढे पुरते, कारण तालमीत बाकीचे सगळे समोर उभे असतात. संज्ञांची नुसती यादी हातात दिलेला विद्यार्थी मात्र तालमीला आलेलाच नसतो. त्याला निदान एवढे तरी कळावे, की त्याच्या हातातल्या प्रत्येक शब्दाआधी कोणीतरी काहीतरी बोलले होते.